कडेनं धर

आमच्या ह्यांना सगळी गल्ली दमधरे म्हणते. ते काही आमचं आडनाव नाही. उभा जन्म एक्स-रेच्या खोलीत लोकांना "श्वास घ्या, दम धरा, सोडा" सांगण्यात गेला, तेच चिकटलं. लेकीच्या शाळेत एका नव्या बाईंनी तर हजेरीत तिला खरोखरच दमधरे म्हणून हाक मारली होती. पोर रडत घरी आली आणि हे पोट धरधरून हसले.

मी कपडे मापात आणून देते. लोकांनी हौसेनं विकत घेतलेले आणि मग न बसणारे कपडे. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी माझं मशीन आहे, आणि मशीनपेक्षा माझं तोंड जास्त चालतं असं ह्यांचं म्हणणं. चालतं तर चालतं. हे दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणार. मीही मूग गिळून बसले असते तर भिंतींनी बोलायचं का?

ह्यांचा एकच हट्ट. फोटो कडेनं धरायचा. फोटो म्हणजे एक्स-रेचा, बाकीच्या फोटोंना ते फोटो समजतच नाहीत. शेजारीण एकदा सासऱ्यांच्या गुडघ्याचा फोटो घेऊन आली आणि "इथं दुखतं म्हणतात हो" म्हणून तिनं मधोमध बोट टेकवलं. हे केवढ्यांदा ओरडले! "बोट काढा! आधी बोट काढा!" ती बिचारी दचकून दोन पावलं मागे. मग ह्यांनी तिला बसवून समजावलं, की बोटाचा तेलकट ठसा उमटतो, आणि उद्या एखादा डॉक्टर त्या ठशालाच रोग समजून बसतो. कडेनं धरायचा, दोन्ही हातांनी, तळहात आत येऊ न देता. लेकीला अक्षरं यायच्या आधी हे यायचं. मलाही लग्नानंतर पहिलं काय शिकवलं असेल तर हेच. मी म्हटलं होतं, "अहो, मला एवढं जपून कधी धरलं नाहीत." त्यावर ह्यांच्या कानाची पाळी लाल.

तर त्या थंडीत, ह्यांच्या निवृत्तीच्या वर्षभर आधी, मला खोकला लागला. जाता जाईना. एक दिवस हे म्हणाले, "चल, दुपारी ये तिकडं. एक फोटो काढून टाकू."

आता तिकडची, म्हणजे ह्यांच्या इस्पितळातली रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीतच अडलंय. बाहेरचा माणूस आला की त्याचा कागद होतो, नंबर पडतो, फोटोच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापलं जातं, आणि मग तो फोटो डॉक्टरांच्या टेबलावर जातो. डॉक्टर वाचतात, लिहून देतात, सही करतात. पण घरच्या माणसाला कसला कागद? तिथल्या सगळ्यांच्याच बायका, आया, पोरं अशीच यायची. बाहेरच्याला रांग, घरच्याला मागचं दार. त्यात मान वाटायचा. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू. बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसलेली आणि मी आपली थेट आत.

ह्यांनी मला त्या उभ्या पाटीसमोर उभं केलं. हनुवटी वर, छाती पाटीला, हात कमरेवर, कोपरं पुढं. मी म्हटलं, "अहो, ही तर मी भांडायला उभी राहिल्यासारखी दिसतेय."

"मग रोजच्यासारखीच उभी राहा," हे म्हणाले आणि काचेमागे गेले. "श्वास घ्या. दम धरा." मला अहोजाहो! मला हसू आलं, पण दम धरला. "सोडा."

फोटो धुऊन बाहेर आला तसा ह्यांनी कडेनं धरून उजेडात नेला आणि ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अगं, काय देखणा आलाय! खांदे बघ, दोन्ही सरळ रेषेत. खांद्याची पाती बाहेर गेलीत पूर्ण. श्वास बघ किती भरून घेतलास. असा फोटो वर्षात एखादाच येतो."

"आणि खोकल्याचं काय?"

"काही नाही त्यात. थंडीचा आहे, जाईल."

आणि गेलाही. म्हणजे उन्हाळा आल्यावर गेला. त्या फोटोला नंबर नव्हता, म्हणून तो कुठल्या टेबलावर गेला नाही. ह्यांनी तो आपल्याच खोलीतल्या उजेडाच्या पेटीवर लावला. शिकाऊ पोरं-पोरी यायची त्यांना दाखवायचे, "हे बघा, असा यायला हवा. खांदे बघा." निवृत्त होईपर्यंत तो तिथं होता. मीही गल्लीत मिरवायची, "लग्नात एक फोटो धड आला नाही माझा, म्हातारपणी आतून आला." निवृत्तीच्या दिवशी हे बाकी काही न आणता तो फोटो खाकी पाकिटात घालून घरी घेऊन आले. कपाटावर, माझ्या कागदी बेतांच्या गुंडाळीशेजारी ठेवला. अधूनमधून पाकीट पुसून ठेवायचे.

यंदा खोकला परत आला. ह्या वेळी तो एकटा आला नाही. जिना चढताना धाप, डाव्या खांद्यात ठणका, आणि लोकांचे कपडे आवळता आवळता मला स्वतःचेच दोनदा आवळावे लागले. मी म्हटलं, चला, बारीक होतेय, फुकटात. मग एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी रुमाल घडी करून खिशात टाकला आणि बूट घातले.

आता हे नोकरीत नव्हते, म्हणून आमचा कागद झाला, नंबर पडला, आम्ही बाकावर बसलो. मोठ्या इस्पितळातली तपासणीची डॉक्टरीण मात्र ओळखीची निघाली. अगदी शिकाऊ होती तेव्हा ह्यांच्याच खोलीत उभी राहून फोटो कसा लावायचा, उजवं-डावं कसं ओळखायचं हे शिकलेली. अजून ह्यांना काका म्हणते, मला काकू. सीटी स्कॅनच्या त्या गोल कमानीतून मला आतबाहेर केलं, शिरेतून औषध सोडलं तेव्हा अंगभर ऊन ऊन झालं, आणि मग तिनं आम्हा दोघांना आपल्या खोलीत बसवलं. इकडचं तिकडचं काही बोलली नाही, तेव्हाच मी समजले. बोलकी पोर ती.

"काकू, डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ आहे. लिंबाएवढी. आणि यकृतात काही ठिपके आहेत. चित्रात गाठ दिसते, पण गाठ कसली आहे ते तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. बायोप्सी करावी लागेल." मग तिनं ह्यांच्याकडे बघितलं. "काका, काकूंचा आधीचा छातीचा फोटो आहे का एखादा? ताडून बघता येईल."

मी तोंड उघडलं. आहे की, चांगला देखणा आहे, असं म्हणणारच होते.

"बघावं लागेल," हे म्हणाले. "सापडला तर आणतो."

सापडला तर? ज्याचं पाकीट मागच्याच आठवड्यात पुसलं, ते? मी ह्यांच्याकडे बघत राहिले. हे टेबलाच्या कडेकडे बघत होते. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या वेळी मी जीभ आवरली. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

बायोप्सीला सुई फुफ्फुसात घातली नाही, यकृतात घातली. डॉक्टरीण म्हणाली, तिथला तुकडा मिळाला तर रोग कोणता आणि तो पसरलाय का, दोन्ही एकदम कळेल. सोनोग्राफी बघत बघत करायची. ह्यांना आत येऊ दिलं, जुन्या ओळखीवर. आणि हे काय करावं? खुंटीवरचा शिशाचा जड एप्रन काढून अंगात घातला.

"काका, इथं किरणं नाहीत. सोनोग्राफी आहे ही," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"असू दे," हे म्हणाले आणि ते ओझं घेऊन माझ्या उशाशी उभे राहिले.

बरगडीखाली आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. ते झोंबलं. मग डॉक्टरीण पडद्याकडे बघत म्हणाली, "काकू, श्वास घ्या, आणि..." मी वर बघितलं. आता हे म्हणणार, दम धरा. ह्यांचे ओठ हललेसुद्धा. पण आवाज आला नाही. "धरून ठेवा," डॉक्टरीणच म्हणाली. खट्‌ असा आवाज झाला, कागदाला पिन मारल्यासारखा. असं तीनदा. शेवटी तिनं मला बाटली दाखवली, मीच हट्ट धरला म्हणून. पाण्यात पांढुरके बारीक तुकडे तरंगत होते. मशीनखाली दिवसभरात जे दोऱ्याचे तुकडे पडतात आणि मी संध्याकाळी झाडून टाकते, तसे. मी म्हटलं, "एवढ्याशावरून कळतं?" ती म्हणाली, "कळतं, काकू."

अहवाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी सगळ्यांवर खेकसले. एका गिऱ्हाइकाची पँट भलतीच आखूड झाली आणि वर त्यालाच म्हटलं, उंची तुमची वाढली असेल. हे घरात असून नसल्यासारखे. जेवायला बसायचे, पुढ्यातलं चिवडायचे आणि उठायचे. आणि कपाटाकडे एकदाही बघत नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघत होते आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मी, जिनं आख्ख्या गल्लीची भांडणं अंगावर घेतली, ती!

अहवाल आला. डॉक्टरणीनं माझा हात हातात घेऊन सरळ सांगितलं. कर्करोग, फुफ्फुसातून निघालेला, यकृतात पोचलेला. शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. औषधांनी काही काळ थोपवता येईल.

"काही काळ म्हणजे किती?" मी विचारलं.

"वर्षभर, काकू. कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी."

मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू देत. मला मरायचं नव्हतं. शहाण्यासारखं, समजूतदारपणे वगैरे काही वाटत नव्हतं. लेकीला पाचवा महिना होता. मला ते बाळ मांडीवर घ्यायचं होतं, चांगलं चालायला लागेपर्यंत. ह्यांच्या शर्टाची बटणं कोण लावणार, असलं काहीतरी येड्यासारखं मनात येत होतं. हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

लेक दूर राहते. तिला फोन केला तो स्पीकरवर, दोघांनी मिळून सांगायचं म्हणून. मीच सांगितलं. ती हमसून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "पण असं कसं, आई? बाबा जन्मभर एक्स-रेत होते! तुझा साधा एक फोटो काढावा असं कधी वाटलं नाही त्यांना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

तिची चूक नाही. ती तेव्हा सासरी होती, तिला त्या दुपारचं माहीत नव्हतं. पण मी ह्यांच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हे उठले, खोलीत गेले, आणि दार न लावता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी चहा घेतला नाही. जेवले नाहीत. मी ओरडले, समजावलं, परत ओरडले. संध्याकाळी हे पडल्या पडल्या म्हणाले, "उद्या तो फोटो घेऊन जातो तिच्याकडे. ती बघेल आणि सांगेल."

"काय सांगेल?"

"तेव्हा होतं की नव्हतं."

"तुम्ही नाही का बघितलात?"

"मी खांदे बघितले गं," हे म्हणाले. "मी खांदेच बघितले." आणि मग असे रडले की माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही रडले नव्हते. मी त्यांचं डोकं धरून बसले. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी म्हटलं, "उद्या नको, परवा जा. उद्या माझी कामं आहेत, मी पण येईन." हे हो म्हणाले.

कामं कसली! सकाळी हे अंघोळीला गेले तशी मी कपाटावरून पाकीट काढलं, गिऱ्हाइकाच्या कोटात गुंडाळलं, आणि कोट पोचवून येते असं दाराबाहेरून ओरडून सांगितलं. चालताना चार वेळा थांबावं लागलं. बसमध्ये पाकीट मांडीवर धरून बसले होते. कडेनं.

डॉक्टरणीनं मला बघून खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, "आधी हा बघ."

तिनं फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. मी कितीदा बघितला होता तो! खांदे सरळ, पाती बाहेर, श्वास भरून घेतलेला. ती बराच वेळ बघत राहिली, मग पेन उचललं आणि टोक काचेपासून किंचित दूर धरलं. डावीकडे वर, हासळीचं हाड आणि पहिली बरगडी एकमेकांवरून जातात तिथं. हाडाच्या मागे, हाडाहून जरा पांढरट असा एक गोल. शर्टाच्या बटणाएवढा. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसेनाच.

"हाच का?"

"हाच, काकू."

"तेव्हा कळलं असतं तर?"

तिनं पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, "सांग. मी मरणारच आहे, मला कशाची भीती घालतेस?"

"तेव्हा यकृतात काही नसावं. एवढाच असता तर कापून काढता आला असता," ती म्हणाली. "बरेच लोक बरे होतात."

मला काय वाटलं ते लपवत नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. त्या क्षणी हे समोर असते तर मी त्यांच्या थोबाडीत मारली असती. खांदे! माझा जीव जात होता आणि हा माणूस खांदे बघून खूश होत होता! कार्ट्यांना दाखवत होता! सगळी शिकाऊ पोरं, हे, मी, सगळे त्या बटणासमोर उभे राहून खांद्यांचं कौतुक करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिच्या टेबलावर मूठ आपटली आणि मग खोकल्याची उबळ आली. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली.

खोकून खोकून राग दमला. मग मला कालचं ते भिंतीकडे तोंड करून पडलेलं माणूस दिसायला लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून कुणाचं रक्त येणार? आणि मी गेल्यावर ह्या माणसाला ह्याच घरात राहायचं आहे, ह्याच खिडकीपाशी चहा प्यायचा आहे. किती वर्षं, कोण जाणे. मला वर्षभर आहे. त्यांना त्यानंतरचं सगळं आहे.

"हे बघ, बाळ," मी म्हटलं. "उद्या ते हाच फोटो घेऊन येतील. तू सांग, नव्हतं म्हणून."

"काकू, नाही जमणार. असं खोटं नाही सांगता येत मला."

"माझ्याशी खरं बोललीस ना? झालं तुझं काम. रोग माझा आहे, खरं माझ्याजवळ राहू दे. त्यांना नको."

"काका ओळखतील. त्यांची नजर..."

"त्यांच्या नजरेचं मला नको सांगूस," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघीही रडलो. ती हो म्हणाली नाही. मी फोटो पाकिटात घातला आणि घरी येऊन, हे बाजारात गेलेले बघून, कपाटावर होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ह्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, कामावर निघाल्यासारखा. डॉक्टरणीनं पाकीट उघडलं आणि जणू पहिल्यांदाच बघतेय असा फोटो लावला. पेटीचा दिवा लागला. मला वाटलं, हे पुढं होऊन बघतील. जन्मभराची सवय ती. पण ह्यांनी फोटोकडे बघितलंच नाही. डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत राहिले, बाकावरची माणसं ह्यांच्या तोंडाकडे बघायची तसे.

"होतं का?" ह्यांनी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"नव्हतं, काका," ती म्हणाली. "इथं काही नाही. हे सगळं नंतरचं आहे. काही गाठी वाढतात फार झपाट्यानं."

"बरं," हे म्हणाले. परत म्हणाले, "बरं." मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो कडेनं काढून पाकिटात सरकवला, आणि आम्ही निघालो. दारात मागे वळून मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

त्या दिवशी हे जेवले. पोटभर नाही, पण जेवले. लेकीला फोन करून सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी काढला होता फोटो, त्यात काही नव्हतं, डॉक्टरांनी स्वतः बघितलं. पलीकडे ती रडायला लागली, "बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला," म्हणून माफी मागायला लागली, आणि हे तिला "असू दे गं, पोरी, असू दे" म्हणत होते. मी मशीनपाशी बसून ऐकत होते. मला हलकं वाटत होतं. साधलं म्हटलं, जन्मात एकदा माझं खोटं पचलं. नाहीतर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

सकाळी मी मशीनवर बसले होते. एक चेन बदलायची होती. ऊन खिडकीतून थेट मशीनवर येत होतं. हे आले, हातात तो फोटो. खिडकीपाशी माझ्या शेजारी उभे राहिले आणि फोटो उजेडात धरला.

"बघ," म्हणाले. "नीट बघ. काही नाही ना?"

मी वर बघितलं. उजव्या हातानं कडेनं धरला होता, नेहमीसारखा. डाव्या हाताचा अंगठा मात्र फोटोवर होता. आत, चांगला दाबून धरलेला, नख पांढरं पडेपर्यंत. डावीकडे वर, हासळीचं हाड आणि पहिली बरगडी एकमेकांवरून जातात बरोबर तिथं, डॉक्टरणीच्या पेनाचं टोक थांबलं होतं तिथं. त्या अंगठ्याखाली एक बटण सहज झाकलं जात होतं.

म्हणजे ह्यांना ते दिसलं होतं. कधी दिसलं, डॉक्टरणीकडे न्यायच्या आधी की सापडला तर आणतो म्हणाले त्या दिवशीच, कोण जाणे. तिच्या खोलीत ह्यांनी फोटोकडे का बघितलं नाही, ते मला आत्ता कळलं. आणि ह्यांना वाटत होतं, मला माहीत नाही.

शेजारणीवर ओरडणारे हे, लेकीला अक्षरांच्या आधी कडेनं धरायला शिकवणारे हे. माझ्या तोंडात आलं होतं, अहो, बोट. आलेलं मी गिळलं.

"काही नाही हो," मी म्हणाले. "स्वच्छ आहे."

"खांदे बघ," हे म्हणाले.

"बघितले. सरळ आहेत."

ह्यांनी मान हलवली. फोटो तसाच धरून उभे राहिले, अंगठा न काढता. मी उठले आणि त्यांच्या हातावर, त्या अंगठ्यावर, माझा हात ठेवला.